गच्चीवरून गुरू-शनी टिपायचे असतील, तर रास्पबेरी पाय असा जुंपा

ग्रहांच्या छायाचित्रणात मोठ्या लॅपटॉपचं काम फार थोडं असतं. कॅमेऱ्याकडून सेकंदाला शंभर फ्रेम घ्यायच्या आणि एकही न गाळता डिस्कवर उतरवायच्या, एवढंच. हे काम चार जीबीचा रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक व्यवस्थित करतो. चांगल्या फ्रेम निवडणं, त्या एकावर एक रचून एकच चित्र करणं, त्याला धार काढणं ही कामं मात्र घरातल्या संगणकावरच करा. पायवर ती होतात, पण सबंध रात्र त्यात जाते.

इंदूरला दोन गोष्टी आपल्या बाजूने आहेत. शहराच्या उजेडाने तेजोमेघ आणि दीर्घिका बुडतात, ग्रहांचं काही बिघडत नाही; रामबागेतल्या गच्चीवरूनही गुरूचे पट्टे तितकेच स्पष्ट दिसतात. दुसरं म्हणजे आपण कर्कवृत्ताच्या जरा दक्षिणेला, २२.७ अंशांवर आहोत. ४ ऑक्टोबर २०२६ ला शनी प्रतियुतीत, म्हणजे पृथ्वीवरून सूर्याच्या विरुद्ध बाजूला, असेल तेव्हा तो इथून ७० अंशांच्या जवळपास चढतो. लंडनमधून तोच शनी जेमतेम ४० अंशांवर दिसेल. फेब्रुवारी २०२७ मधला गुरू तर ८० अंशांच्या वर जातो. इतक्या उंचीवर वातावरणामुळे रंग फाटण्याचा त्रास नगण्य असतो, त्यामुळे त्यासाठीचा महागडा दुरुस्ती-प्रिझम घेऊ नका. ते पैसे एसएसडीवर घाला.

सामान

हिशेबासाठी १५० मिमी व्यासाचा, ७५० मिमी नाभीअंतराचा न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण) आणि आकाशाबरोबर दुर्बीण फिरवणारं, मोटर असलेलं विषुववृत्तीय माउंट धरू. कॅमेरा झेडडब्ल्यूओ एएसआय २२४ एमसी, त्याचा पिक्सेल ३.७५ मायक्रॉनचा. पिक्सेलच्या आकाराला चार ते पाचने गुणलं की सोयीचा एफ-आकडा (नाभीअंतर भागिले व्यास) मिळतो. इथे १५ ते १९. म्हणजे या दुर्बिणीला ३ पट बार्लो (नाभीअंतर वाढवणारं भिंग) लावून एफ/१५ करायचा. मग एका पिक्सेलवर सुमारे ०.३४ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) बसतात आणि ४५ विकलांचा गुरू १३० पिक्सेल रुंद येतो. याहून मोठा ओढलात तर चित्र मोठं होतं, तपशील वाढत नाही, आणि प्रकाश कमी पडल्याने एक्सपोजर लांबतं.

पायचा स्वतःचा एचक्यू कॅमेराही चालतो. १३३२ गुणिले ९९० च्या मोडमध्ये तो १२० फ्रेमपर्यंत जातो आणि त्या मोडमध्ये पिक्सेल जोडीने धरले जात असल्याने परिणामी आकार ३.१ मायक्रॉन होतो. स्वस्त पडतो, पण त्याची चपटी रिबन केबल नाजूक असते. अंधारात फोकस करताना धक्का लागला की ती खाचेतून सरकते आणि कॅमेरा गायब. पाय ५ ला तर ती केबलही वेगळी लागते, अरुंद टोकाची. सुरुवातीला यूएसबी कॅमेराच घ्या.

खरी अडचण: लिहिण्याचा वेग

बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. गुरूसाठी सेन्सरचा ६४० गुणिले ४८० एवढाच तुकडा वापरायचा. आठ बिटच्या रॉ (रंग न काढलेल्या) मोडमध्ये एक फ्रेम ३,०७,२०० बाइटची. शंभर फ्रेमना सेकंदाला जवळपास ३१ एमबी, आणि दीड मिनिटाची एक क्लिप पावणेतीन जीबीची होते. मायक्रोएसडी कार्ड पहिले काही सेकंद हा वेग पेलतं, मग त्याचा श्वास फुलतो. पडद्यावर शंभर फ्रेम दिसत राहतात, पण गाळलेल्या फ्रेमचा आकडा पळू लागतो. नजर त्या आकड्यावर ठेवा. आणि रॉऐवजी आरजीबी निवडलंत तर हाच भार तिप्पट होतो. रंग नंतर घरी काढता येतात, म्हणून रेकॉर्डिंग रॉमध्येच करायचं.

उपाय म्हणजे यूएसबी ३ ची एसएसडी. कॅमेरा आणि एसएसडी दोन्ही निळ्या पोर्टांत लावा. एसएसडी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, म्हणजे विंडोज संगणकावर सरळ उघडेल. फॅट ३२ ठेवलीत तर फाइल चार जीबीला पोचताच रेकॉर्डिंग थांबतं. एसएसडी नसेल त्या दिवशी रॅमचाच एक भाग डिस्क म्हणून वापरा: ६० फ्रेमच्या वेगाने एका मिनिटाची क्लिप १.१ जीबी होते, ती चार जीबीच्या पायमध्ये मावते. मात्र प्रत्येक क्लिपनंतर ती कार्डावर उतरवायला विसरू नका. वीज गेली की रॅममधलं सगळं गेलं.

वीज

पाय ४ च्या चारही यूएसबी पोर्टांना मिळून १.२ अँपिअरची मर्यादा आहे. कॅमेरा आणि भुकेली एसएसडी मिळून ती ओलांडली की एसएसडी मध्येच निखळते आणि चालू फाइल खराब होते. अशा वेळी स्वतःचा वीजपुरवठा असलेला यूएसबी हब मध्ये घाला. पाय ५ ला पाच अँपिअरचा अडॅप्टर नसेल, तर तो यूएसबीला फक्त ०.६ अँपिअर देतो. गच्चीवर पॉवर बँकेवर काम करणाऱ्यांना म्हणूनच पाय ४ जास्त सोयीचा.

जेल रोडवर पॉवर बँक घ्यायला गेलात, तर खोक्यावरच्या ६५ वॉटला भुलू नका. पायला ५ व्होल्टच लागतात. त्या व्होल्टेजला ३ अँपिअर मिळतात का, ते बारीक अक्षरांत शोधा. केबल जाड आणि आखूड हवी. बारीक तारेत व्होल्टेज पडतं आणि ४.६३ च्या खाली गेलं की पडद्यावर विजेची पिवळी खूण चमकते. ती दिसली की फ्रेम गळणार हे नक्की. बऱ्याच पॉवर बँकांना चार्जर लावताना किंवा काढताना क्षणभर पुरवठा तुटतो आणि पाय रीस्टार्ट होतो, म्हणून सत्र चालू असताना चार्जरला हात लावू नका. कॅमेरा आणि एसएसडीसह आठ-नऊ वॉट खर्च धरला, तर २०,००० एमएएचची बँक साधारण सात तास टिकते.

सॉफ्टवेअर आणि जोडणी

रास्पबेरी पाय ओएसची ६४ बिट आवृत्ती टाका, त्यावर रेकॉर्डिंगसाठी फायरकॅप्चर किंवा अॅस्ट्रोडीएमएक्स. कॅमेऱ्यासोबत मिळणारी लिनक्सची नियम-फाइल बसवणं टाळू नका. ती नसेल तर यूएसबीसाठी राखलेली मेमरी मूळच्या १६ एमबीवरच राहते आणि मोठ्या वेगाला फ्रेम अर्ध्या कापलेल्या येतात. तीच मर्यादा २०० एमबीवर न्यायची असते. त्यानंतरही काळे पट्टे दिसले, तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमधला यूएसबी ट्रॅफिक थोडा कमी करा.

पायचा पडदा फोनवर किंवा टॅबलेटवर व्हीएनसीने, म्हणजे दुसऱ्या संगणकाचा पडदा दाखवणाऱ्या अॅपने, बघायचा. वाय-फाय ५ गीगाहर्ट्झचं ठेवा. यूएसबी ३ च्या केबलमधून निघणारा गोंगाट २.४ गीगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो. रेकॉर्डिंग सुरू केलं की व्हीएनसी गोठतो, त्यामागे बहुधा हेच असतं.

पाय ४ मध्ये घड्याळाची बॅटरी नसते. इंटरनेटविना चालू केला की तो जुनीच वेळ धरून बसतो. गुरू ९ तास ५५ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे अनेक क्लिपा ग्रहाच्या फिरण्याइतक्या मागेपुढे फिरवून एकत्र करताना मिनिटाचीही चूक महागात पडते. सुरू करताना फोनचा हॉटस्पॉट दोन मिनिटं द्या आणि वेळ जुळली का ते बघा.

रात्रीचं काम

दिवसभर तापलेली गच्ची रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते आणि ग्रह उकळल्यासारखा दिसतो. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारा, दुर्बीण तासभर आधी बाहेर काढा, आणि शेजारच्या एसीच्या पंख्यावरून किंवा पाण्याच्या टाकीवरून दृष्टिरेषा जाणार नाही अशी जागा निवडा. शब-ए-मालवा, म्हणजे माळव्याची रात्र, थंड खरी, पण तिचा फायदा मध्यरात्रीनंतरच मिळतो. प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची आणि इंदूर ७५.८६ वर, त्यामुळे ग्रह माथ्यावर येण्याची वेळही इथे जवळपास २७ मिनिटं पुढे सरकते. डॉब्सोनियन (साध्या बैठकीवरची, हाताने फिरवायची दुर्बीण) असेल तर अगदी डोक्यावरचा ग्रह हाताने धरून ठेवणं कठीण जातं. तासभर अलीकडे किंवा पलीकडे घ्या.

पायचा डबा दुर्बिणीच्या नळीवर बांधू नका, पंख्याचं कंपन थेट चित्रात उतरतं. तिपाईच्या पायाला वेल्क्रोने बांधा आणि केबलला ढील ठेवा.

फोकस जवळच्या ताऱ्यावर बाहतिनोव्ह जाळी (दुर्बिणीच्या तोंडावर बसवायची फोकसची जाळी) लावून करा, मग गुरूच्या चंद्रांवर तपासा. एक्सपोजर गुरूला ५ ते १० मिलिसेकंद, मंगळाला २ ते ५, शनीला १५ ते २५ पासून सुरू करा. गेन (सेन्सरच्या संकेताची वाढ) असा लावा की हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ५० ते ७० टक्क्यांत राहील. शंभर फ्रेम हव्या असतील तर एक्सपोजर १० च्या वर नेऊन चालणार नाही, हा हिशेब साधा असूनही अंधारात विसरला जातो. गुरूची क्लिप दीड मिनिटाची; तेवढ्यात चकतीच्या मध्यावरचा तपशील एक पिक्सेल सरकतो. शनी आणि मंगळाला चार मिनिटं चालतात.

रेकॉर्ड झालेली सेर फाइल घरी ऑटोस्टॅकर्ट या फ्रेम रचणाऱ्या प्रोग्राममध्ये घाला. नऊ हजार फ्रेमपैकी हवा बरी असेल तर २५ टक्के, उकळती असेल तर १० टक्केच घ्या, मग वेव्हलेटने (तपशील उठावदार करणाऱ्या फिल्टरने) हळूहळू धार वाढवा. चकतीच्या कडेला कांद्यासारखे पापुद्रे दिसू लागले की एक पाऊल मागे या.

आवरताना पाय सॉफ्टवेअरमधूनच बंद करा, हिरवा दिवा लुकलुकणं थांबू द्या, मगच पॉवर बँकेची पिन उपसा. एक्सफॅटची एसएसडी तशीच ओढली तर शेवटची क्लिप अनेकदा वाचता येत नाही.