पोरांचं ऱ्हस्व-दीर्घ पक्कं करायचंय? घरी असं करून बघा
रोज दहा मिनिटं पुरतात, पण रोज हवीत. एका वेळी पाचच शब्द घ्या, मूल शब्द बघेल, मोठ्यानं म्हणेल, मग झाकून लिहील आणि स्वतःच ताडून बघेल, आपण लाल पेन घेऊन बसायचं नाही. चुकलेला शब्द वीस वेळा लिहायला लावू नका प्लीज, हात दुखतो आणि डोक्यात काही राहत नाही.

नियम आधी एकच सांगा, शब्दाच्या शेवटी इ-उ आला की दीर्घ: पाणी, लाडू, गोदावरी. 'आणि', 'परंतु' हे अपवाद वेगळे पाठ करून घ्या. मग फूल-फुलं, बहीण-बहिणीला अशा जोड्या खेळता खेळता येतात.

आम्ही नाशकात रविवार कारंजावर गेलो की दुकानांच्या पाट्या वाचतो, "यात चूक शोध" म्हटलं की लेक एकदम खूश, आणि घरी येऊन तेच शब्द वहीत. भाजीची यादीपण तीच लिहिते, मेथी, काकडी, कोथिंबीर.

शाळेत बाईंना विचारा कुठले शब्द सारखे चुकतात, तेच घरी घ्या. वाचतानाही खूप अडखळत असेल आणि महिनोन्महिने फरक पडत नसेल तर रागवू नका, तज्ज्ञांना दाखवा.