परदेशात व्यावसायिक रग्बी: क्लब शोधण्यापासून करार संपेपर्यंत

परदेशी क्लब खेळाडू घेतो तो रिकामी होणारी जागा भरायला, आणि त्या जागेला नियमांची चौकट असते. व्हिडिओ, एजंट, पगार हे सगळं नंतरचं. आधी आपण कुठल्या जागेत बसतो ते पक्कं करावं.

सामन्याच्या २३ जणांत पुढच्या फळीचे सहा जण असावेच लागतात: हुकर आणि दोन्ही बाजूंचे प्रॉप, प्रत्येकाला एकेक बदली. त्यातही ३ नंबरची जर्सी घालणारा टाइटहेड प्रॉप दुर्मीळ. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांचे आठ-आठ जण एकमेकांना भिडून रेटतात तेव्हा, त्याचं डोकं समोरच्या हुकर आणि प्रॉपच्या मधोमध अडकतं, दोन्ही खांद्यांवर रेटा येतो आणि तो पेलायची समज यायला वर्षं जातात. म्हणून तिशी ओलांडलेल्या टाइटहेडलाही फोन येत राहतात. विंगरचं, म्हणजे कडेने धावणाऱ्याचं, उलट असतं. वेगवान पोरं सगळीकडेच मिळतात, त्यामुळे फुलबॅक किंवा सेंटरलाही खेळता येतं हे दाखवल्याशिवाय विंगरला भाव मिळत नाही.

दुसरी चौकट पासपोर्टची आणि पात्रतेची. फ्रान्सच्या टॉप १४ या अव्वल लीगमध्ये क्लबने सामन्याच्या २३ जणांत सरासरी १६ खेळाडू फ्रान्सच्याच अकादम्यांत घडलेले उतरवायचे असतात. उरलेल्या सात जागांसाठी सगळं जग रांगेत उभं असतं. जपानच्या लीग वनमध्ये खेळाडूंचे ए, बी, सी असे गट असतात. दुसऱ्या देशाकडून कसोटी (आंतरराष्ट्रीय सामना) खेळलेला सामान्यतः सीमध्ये जातो आणि त्या गटाच्या जागा मोजक्या असतात. त्यामुळे एकही कॅप (देशाकडून खेळलेला सामना) नसलेला तरुण तिथल्या क्लबला कधीकधी नावाजलेल्या कसोटीपटूपेक्षा सोयीचा पडतो. इंग्लंडमध्ये परदेशी खेळाडूला व्हिसासाठी तिथल्या रग्बी युनियनची (खेळाच्या राष्ट्रीय संस्थेची) शिफारस लागते आणि क्लबकडे प्रायोजकत्वाचा परवाना लागतो. हे आकडे आणि गट अधूनमधून बदलतात, तेव्हा ज्या हंगामासाठी बोलणी चालू आहेत त्याच हंगामाचं नियमपत्रक वाचावं.

देशाकडून खेळण्याचं काय?

हा प्रश्न सहीआधी सोडवायचा. न्यूझीलंड आणि इंग्लंड निवड करताना मायदेशात खेळणाऱ्यांनाच धरतात. वेल्सने २०२३ मध्ये परदेशी क्लबकडून खेळणाऱ्यांसाठी कॅपची अट ६० वरून २५ वर आणली. दक्षिण आफ्रिका मात्र खेळाडू कुठल्या देशात खेळतो ते बघत नाही. इंग्लंडचा फ्लँकर जॅक विलिस २०२२ मध्ये त्याचा क्लब वास्प्स बुडाल्यावर फ्रान्सच्या तुलूझला गेला. अपवादात्मक परिस्थिती म्हणून त्याला काही काळ सूट मिळाली, पण तो फ्रान्समध्येच राहिल्यावर राष्ट्रीय संघाचं दार बंद झालं.

नव्या देशाकडून खेळायचं असेल तर वास्तव्याच्या मार्गाने सलग ६० महिने लागतात. एका देशाकडून कॅप मिळाल्यावर देश बदलता येतो, पण आयुष्यात एकदाच. शेवटच्या आंतरराष्ट्रीय सामन्याला ३६ महिने उलटलेले हवेत, आणि तुम्ही स्वतः किंवा आई-वडील, आजी-आजोबांपैकी कुणीतरी त्या नव्या देशात जन्मलेलं हवं. राष्ट्रीय संघाचं बोलावणं आलं तरी जाऊ नये असं क्लबने सुचवलं, मग ते कागदावर असो की तोंडी, तर ते वर्ल्ड रग्बी या जागतिक संस्थेच्या नियमाविरुद्ध आहे. हे दडपण बहुतेक वेळा गोड शब्दांत येतं: ‘यंदा नाही गेलास तर पुढचा करार सोपा होईल.’ अशा वेळी खेळाडूंच्या संघटनेला कळवावं. फ्रान्समध्ये प्रोव्हाल आहे, इंग्लंडमध्ये आरपीए.

व्हिडिओ आणि एजंट

व्हिडिओ तीन-चार मिनिटांचा पुरे. फक्त ट्राय (गुण मिळवलेले क्षण) जोडलेला व्हिडिओ प्रशिक्षक अर्ध्यावर बंद करतो. त्याला बघायचं असतं टॅकल चुकल्यावर तुम्ही किती लवकर उठता, रकमध्ये (जमिनीवरच्या चेंडूभोवतीच्या झोंबाझोंबीत) कितवे पोचता, चेंडू लांब असताना कुठे उभे राहता. पुढच्या फळीतल्यांनी स्क्रमचे सलग सात-आठ प्रसंग द्यावेत आणि त्यांत हरलेला एखादा असू द्यावा. सोबत अलीकडच्या दोन पूर्ण सामन्यांचं चित्रण द्यावं, त्यातला एक पावसातला. आपला नंबर आणि सुरुवातीची जागा पहिल्याच चौकटीत दाखवावी, नाहीतर बघणारा भलत्याच माणसाकडे बघत बसतो.

एजंट परवानाधारक आहे का, हे त्या देशाच्या युनियनकडे तपासता येतं. फ्रान्समध्ये त्याचं कमिशन कराराच्या रकमेच्या १० टक्क्यांवर जाऊ शकत नाही. ते क्लब देणार की तुम्ही, हे लेखी घ्या.

करारात काय वाचायचं

पहिल्या पानावरच्या आकड्याला सगळे भुलतात. तो ढोबळ आहे की कर कापून हातात येणारा, हे आधी विचारा. मग इजेचं कलम शोधा: पूर्ण पगार किती आठवडे, त्यानंतर किती, शस्त्रक्रिया कुठल्या विम्यातून आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचा हक्क कुणाला. त्यानंतर संघ खालच्या श्रेणीत घसरला तर काय होणार ते बघा. टॉप १४ मधला शेवटचा संघ थेट खालच्या प्रो डी २ लीगमध्ये जातो आणि तेराव्याला टिकण्यासाठी आणखी एक सामना खेळावा लागतो. तळाशी रेंगाळणाऱ्या क्लबकडे जात असाल तर घसरण झाल्यास मोकळं होण्याचं कलम घालून घ्या, आणि करार एक वर्षाने वाढवायचा पर्याय एकट्या क्लबच्या हाती ठेवू नका.

क्लब बुडूही शकतो. २०२२ च्या शरदात इंग्लंडच्या वूस्टर आणि वास्प्सचे खेळाडू ऐन हंगामात बेकार झाले. २०२३ च्या जूनमध्ये लंडन आयरिशही लीगबाहेर गेला. म्हणून सध्याच्या संघातल्या एक-दोघांना थेट विचारा की गेल्या वर्षभरात पगार किती वेळा उशिरा आला. घराचं वर्षभराचं भाडं आगाऊ भरू नका.

हंगामाच्या मध्यात शिरायची फ्रान्समधली एक वाट म्हणजे मेडिकल जोकर, म्हणजे जखमी खेळाडूच्या जागी मर्यादित काळासाठी घेतलेला बदली. मुदत छोटी असते, पण त्या काही सामन्यांत बाकीचे क्लबही तुम्हाला बघतात. पगार कमी असला तरी पहिल्या करारासाठी ही वाट वाईट नाही.

सही झाली तरी खेळायला लगेच उतरता येत नाही. मायदेशच्या युनियनची लेखी परवानगी लागते, आणि जुना करार बाकी असेल तर ती अडते. शिस्तभंगाची बंदीही तुमच्याबरोबर येते. परवानगीचा अर्ज तिकीट काढायच्या आधी करावा.

पहिले तीन महिने

फ्रेंच स्क्रममध्ये पंच ‘फ्लेक्सियॉं, लिए, झ्यो’ (वाका, धरा, खेळ) म्हणतो. शब्द ओळखीचे असले तरी त्यांतलं अंतर वेगळं वाटतं, आणि अर्धा क्षण आधी रेटा दिला की समोरच्याला फ्री किक. पहिल्या आठवड्यात एक ते वीस आकडे, डावं-उजवं आणि लाइनआउटचे (बाहेर गेलेला चेंडू आत फेकतानाचे) इशारे पाठ करावेत. मनगटावरच्या पट्टीवर लिहून ठेवण्यात लाज नाही. जपानमध्ये अनेक संघांत दुभाषा असतो, पण मैदानात तो शेजारी उभा नसतो.

कडक मैदानांतून ओल्या हिवाळ्यात येणाऱ्यांनी बुटांचे दोन जोड ठेवावेत. स्टड २१ मिलिमीटरपेक्षा लांब चालत नाही. आखूड स्टडवर प्रॉपचा पाय सरकला की दंड मात्र स्क्रम पाडल्याचा होतो.

डोक्याला मार बसला तर १२ मिनिटांची तपासणी होते. मेंदूला धक्का बसल्याचं निदान झालं की बहुतेकांचा पुढचा सामना हुकतो, आणि आधी असा इतिहास असेल तर परतायला किमान १२ दिवस. नव्या क्लबसमोर छाप पाडायच्या नादात जुना मार लपवणारे असतात. वैद्यकीय तपासणीत तो लपवला, तर पुढे विमा कंपनीला पैसे नाकारायला आयतं कारण मिळतं.

उत्तेजक चाचणीच्या यादीत नाव असेल तर घर बदलल्याच्याच दिवशी पत्ता बदला. रोज एक ६० मिनिटांची वेळ आणि ठिकाण कळवायचं असतं, आणि १२ महिन्यांत तीन चुका झाल्या की तो नियमभंग. देश बदलण्याच्या धांदलीत पहिली चूक इथेच होते. पूरक पावडर प्रत्येक बॅचची तपासणी झालेलीच घ्यावी आणि तिचा बॅच क्रमांक टिपून ठेवावा.

करार संपायच्या सहा महिने आधी पुढची बोलणी सुरू करा. फ्रान्समध्ये तो सहसा ३० जूनला संपतो. निघताना सगळे एमआरआय आणि शस्त्रक्रियेचे कागद स्वतःकडे घ्या, कारण पुढच्या क्लबचा डॉक्टर पहिल्या दिवशी तेच मागतो. जपानमध्ये पेन्शनची वर्गणी कापली गेली असेल तर देश सोडल्यावर २ वर्षांच्या आत अर्ज करून त्यातला काही भाग परत मागता येतो.