मोठ्या पंपाची मोजणी करायची आहे, तर आधी एवढं तयार ठेवा

नवी मुंबईतल्या रबाळे, महापे, तुर्भे भागातल्या पंप हाउसमध्ये डिलिव्हरीचा, म्हणजे पंपातून पाणी बाहेर जातं त्या बाजूचा व्हॉल्व्ह निम्मा आवळून चालवलेला पंप मी कितीदा तरी पाहिला आहे. विचारलं की ऑपरेटर सांगतो, ‘साहेब, पूर्ण उघडला की मोटर ट्रिप होते.’ तो पंप गरजेपेक्षा मोठा आहे, हे त्या एका वाक्यात कळतं. असा पंप किती वीज वाया घालवतो ते मोजायचं, तर तयारीची सुरुवात ऑपरेटरपासून करा. तिन्ही शिफ्टच्या माणसांना विचारून कुठला व्हॉल्व्ह किती फेरे उघडा असतो, दोन पंप एकदम कधी चालतात आणि का, हे वहीत उतरवा. लॉगशीटमध्ये यातलं काही सापडत नाही.

मग कागद काढा. पंपाच्या आणि मोटरच्या नेमप्लेटचे फोटो घ्या, रंगाखाली दबली असेल तर घासून घ्या. सीरियल नंबर देऊन कंपनीकडून पंपाचा कर्व्ह (किती पाण्याला किती दाब मिळतो त्याचा आलेख) मागवा आणि आत्ता बसवलेल्या इम्पेलरचा, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या आतल्या फिरत्या चाकाचा व्यास विचारा. याला वेळ लागतो, म्हणून हे काम पहिल्याच दिवशी हाती घ्या.

सगळ्यात जास्त कळतं ते प्रेशर गेजवरून, आणि नेमके तेच बंद पडलेले असतात. कॅलिब्रेट केलेले दोन गेज आणा आणि साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी व्हॉल्व्हच्या आधी एक, नंतर एक बसवून घ्या. सक्शनला, म्हणजे पाणी पंपात शिरतं तिथेही एक हवा. समजा ताशी 100 घनमीटर पाणी जातंय, व्हॉल्व्हआधी साडेचार किलो (दर चौरस सेंटिमीटरला) प्रेशर आहे आणि नंतर अडीच. मधले दोन किलो म्हणजे जवळपास 20 मीटर हेड, म्हणजे पाणी तेवढं उंच चढवण्याइतका दाब. 100 गुणिले 20 भागिले 367 (किलोवॉटमध्ये उत्तर येण्यासाठीचा ठरलेला आकडा), म्हणजे साडेपाच किलोवॉटच्या आसपास. पंपाची कार्यक्षमता 65 टक्के आणि मोटरची 90 धरली तर विजेच्या मीटरवर ते सव्वानऊ किलोवॉट होतात. वर्षाला 300 दिवस, 24 तास पंप चालला तर सुमारे 67 हजार युनिट नुसत्या व्हॉल्व्हमध्ये जिरतात. हा आकडा मला अजूनही अस्वस्थ करतो.

फ्लोसाठी पाइपला बाहेरून लावायचा अल्ट्रासॉनिक मीटर भाड्याने मिळतो. त्यासाठी सरळ पाइप शोधून ठेवा: मीटरच्या आधी व्यासाच्या दहापट, नंतर पाचपट. तेवढा भाग घासून स्वच्छ करा. विजेसाठी खरे किलोवॉट दाखवणारा पॉवर अ‍ॅनलायझर हवा. क्लॅम्प मीटरच्या अ‍ॅम्पिअरवर विसंबू नका, कमी लोडवर मोटरचा पॉवर फॅक्टर (घेतलेल्या करंटपैकी खऱ्या कामाचा वाटा) पडतो आणि हिशोब चुकतो.

टेपने टाकीची उंचीही मोजा, सम्पमधल्या (खालच्या टाकीतल्या) पाण्यापासून वरच्या टाकीत पाणी पडतं तिथपर्यंत. व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण लावून वेग 20 टक्के कमी केला की वीज निम्म्यावर येते, पण ते फक्त पाइपमधलं घर्षण हाच मुख्य भार असलेल्या लाइनवर. उंच टाकी भरायची असेल तर तेवढी उंची पाण्याला चढावीच लागते आणि बचत घटते. मागणी वर्षभर सारखीच असेल, तर व्हीएफडीवर खर्च करण्यापेक्षा इम्पेलर तासून त्याचा व्यास कमी करून घेणं मला शहाणपणाचं वाटतं.

कूलिंग टॉवरच्या लाइनवर जाणारं आणि येणारं पाणी किती अंशाचं आहे ते टिपा. फरक पाच अंशांसाठी डिझाइन असून दोनच दिसत असेल, तर पाणी विनाकारण फिरतंय असा संशय घ्या. मात्र मोजणी एकट्या जानेवारीत उरकू नका. इथल्या मे-जूनच्या दमट हवेत टॉवरची खरी परीक्षा असते, तेव्हाचे आकडे हाताशी नसतील तर पंप लहान करण्याचा निर्णय थांबवा.

फायर हायड्रंटचा पंप यादीतून आधीच वगळा, त्याला हात लावायचा नाही.

इम्पेलर तासायचं ठरलंच तर नवा मागवून तो तासा. जुन्याला पंपाचा नंबर आणि व्यास लिहिलेला टॅग लावून स्टोअरमध्ये ठेवा आणि तो भंगारात जाणार नाही, हे स्टोअरकीपरला स्वतः सांगून या.