लॅबमध्ये नवे असाल तर स्टिफनेस टेस्टरपासून सुरुवात करा

टेक्स्टाइल लॅबमध्ये नव्याने लागलेल्या मुलामुलींना टेन्साइलच्या, म्हणजे कापड ओढून त्याची ताकद मोजणाऱ्या, मोठ्या मशीनचं भारी आकर्षण. कापड किती ताठ आहे ते मोजणाऱ्या, कोपऱ्यातल्या शर्ली स्टिफनेस टेस्टरकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. बघण्यासारखं आहे तरी काय त्यात? एक गुळगुळीत पाट, एक मोजपट्टी, आरसा आणि बाजूला तिरकी रेघ. पण प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवून फिनिश करतात तिथे, 'फील बरोबर नाही' म्हणून माल परत आला, की आकडा काढायला हेच साधन पुढे ओढावं लागतं.

मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमधल्या एफ. टी. पीअर्स यांनी १९३० साली ही पद्धत मांडली. कापडाची पट्टी पाटाच्या कडेबाहेर हळूहळू सरकवायची. ती स्वतःच्याच वजनाने झुकते आणि टोक आडव्या पाटाच्या खाली ४१.५ अंशांनी उतरणाऱ्या रेघेला लागलं की थांबायचं. कोन असा आडनिडा घेतलाय कारण तिथे बाहेर लोंबलेल्या लांबीच्या जवळपास निम्मी 'बेंडिंग लेंग्थ' (कापड जितकं ताठ तितकी ही लांबी जास्त) येते आणि गणित वाचतं. शर्लीच्या मोजपट्टीवर हे निम्मं आधीच करून छापलेलं असतं, तेव्हा पुन्हा दोनने भागू नका.

पुढचं गणित मात्र नीट समजून घ्या. ताठरपणा, म्हणजे फ्लेक्सुरल रिजिडिटी, काढताना बेंडिंग लेंग्थचा घन घेतात आणि त्याला कापडाच्या वजनाने गुणतात. १२० जीएसएमचं (चौरस मीटरला १२० ग्रॅम, म्हणजे चौरस सेमीला १२ मिलिग्रॅम) पॉपलीन घ्या. बेंडिंग लेंग्थ २ सेमी आली तर उत्तर ९६ मिलिग्रॅम-सेमी, २.२ आली तर जवळपास १२८. म्हणजे पट्टी चारच मिलिमीटर जास्त सरकली आणि ताठरपणा एक तृतीयांशाने वाढला. पट्टी घाईने ढकलणाऱ्याच्या रिपोर्टवर माझा विश्वास नसतो तो यामुळेच.

म्हणून खरं काम नमुना कापण्यातच आहे. पट्ट्या २.५ सेमी रुंद, ताण्याच्या वेगळ्या, बाण्याच्या वेगळ्या. किनारीजवळचं आणि घडी पडलेलं कापड घ्यायचं नाही. नमुन्यावर इस्त्री तर अजिबात नको, आणि कापल्यावर बोटांनी उगाच चाळवायचाही नाही. प्रत्येक पट्टीची दोन्ही टोकं, सुलट आणि उलट, अशी चार रीडिंग घ्या. सुलट-उलटमध्ये फरक दिसला तर फिनिश एकाच बाजूला जास्त बसलंय का, ते तपासा. त्याआधी नमुना प्रमाणित हवेत मुरू द्या. आर्द्रता ६५ टक्के. तापमान आपल्याकडच्या मानकाप्रमाणे २७ अंश, परदेशी बायरला बहुधा २० लागतं. सुती कापड दमट हवेत नरम पडतं, त्यामुळे पावसाळ्यात उघड्या खिडकीशेजारी घेतलेल्या रीडिंगला काही अर्थ नाही. होजिअरीचं कापड कडेला गुंडाळतं, ते या पाटावर टेकतच नाही. त्याची बदामाच्या आकाराची वळी करून ती किती लोंबते ते मोजतात.

बाकीची साधनं कामापुरती कळली तरी भागतं. ड्रेपमीटरमध्ये १८ सेमीच्या तबकडीवर ३० सेमीचा गोल तुकडा ठेवून सावलीवरून पडण, म्हणजे कापड कसं झुलून पडतं ते, मोजतात. साड्या, पडदे यांना ते लागतं. टिश्यू पेपर आणि नॉनवोव्हनला हँडल-ओ-मीटर, ज्यात एक पातं कागदाला फटीत ढकलतं आणि त्याला लागणारं बळ मोजलं जातं. कार्टनच्या बोर्डाला टेबर टेस्टर, ज्यात बोर्ड ठरलेल्या कोनापर्यंत वाकवून लागणारा जोर मोजायचा. पॅकेजिंगच्या नोकरीत हे शेवटचं पक्कं हवं.

एक घोळ बहुतेक नव्यांचा होतो: ताठरपणा कमी म्हणजे कापड मऊ, असं ते धरून चालतात. बोटांना नुसतं वाकणं कळत नाही. पृष्ठभागाचं घर्षण आणि दाबल्यावरचा फुगीरपणाही कळतो. म्हणून तर जपानच्या सुएओ कावाबाता यांनी ओढ, वाकणं, दाब आणि पृष्ठभाग अशी चार वेगवेगळी यंत्रं बांधली. ती महागडी आहेत, साध्या मिल-लॅबमध्ये सहसा दिसत नाहीत.

तुमच्याकडे मात्र फिनिशिंगचे जुने मास्तर असतील. एकाच क्वालिटीचे, सॉफ्टनरचा डोस वेगवेगळा असलेले चार-पाच तुकडे नंबर झाकून त्यांच्या हातात द्या आणि मऊपणाप्रमाणे लावायला सांगा. मग तुमचे आकडे शेजारी मांडा. दोन्ही क्रम जुळले तर त्या क्वालिटीला स्टिफनेस टेस्टर पुरतो. नाही जुळले, तर आधी तुमच्या पट्ट्या पुन्हा कापा, आणि तरीही फरक राहिला तर त्या मालाचं पृष्ठभागाचं घर्षण मोजायला घ्या.