पाइप तोच, पाणी चौपट

जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या आमच्या जुन्या घरात गेल्या थंडीत गॅस बॉयलर काढून हीट पंप (बाहेरची उष्णता ओढून घर तापवणारं यंत्र) बसवला आणि रात्री रेडिएटर शिट्ट्या मारायला लागले. बसवणारा म्हणाला, पाणी फिरवणारा पंप मोठा टाकू. म्हटलं, थांब बाबा, आधी आकडेमोड करते.

पहिल्यांदा पाणी किती लागतं ते काढायचं. घराला लागणाऱ्या उष्णतेच्या किलोवॉटला ८६० ने गुणा आणि जाणाऱ्या-परतणाऱ्या पाण्याच्या तापमानातल्या फरकाने भागा. उत्तर ताशी लिटरमध्ये येतं. आमची गरज १० किलोवॉट. बॉयलर ७० अंशांचं पाणी पाठवायचा, ५० ला परत यायचं. ८६०० भागिले २०, म्हणजे ४३०.

मग वेग. ताशी लिटर गुणिले ०.३५४, भागिले आतल्या व्यासाचा वर्ग. व्यास मिलिमीटरमध्ये, वेग सेकंदाला मीटरमध्ये. आतल्याच व्यासाचा, बरं का! आमच्या तांब्याच्या पाइपवर २२×१ असं छापलंय. त्यातले २२ बाहेरचे. दोन्हीकडची एकेक मिलिमीटर जाडी गेली की उरतात २०. मी आधी २२ च धरले होते, खरं घर्षण त्याच्या दीडपट निघालं. वेग आला ०.३८.

आता घर्षण. वेगाला व्यासाने (इथे मीटरमध्ये, ०.०२) गुणून ०.००००००४७ ने भागा. ही ६० अंशांच्या पाण्याची श्यानता, म्हणजे वाहायला होणारा त्याचा अंतर्गत विरोध. मिळतो रेनॉल्ड्स अंक, साधारण १६,०००. तो चार हजारांच्या वर असला की पाणी पाइपात घुसळत जातं. अशा वेळी गुळगुळीत तांब्यासाठी त्याच्या वर्गमुळाचं पुन्हा वर्गमूळ काढून ०.३१६ ला त्याने भागायचं: ०.०२८. त्याला व्यासाने भागा, पाण्याच्या घनतेने (९८३) आणि वेगाच्या वर्गाने गुणा, निम्मं करा. पाइपाच्या दर मीटरला १०० पास्कल दाब खर्च होतो! जुन्या फिटरने चोख काम केलं होतं. घरच्या हीटिंगला इथे साधारण एवढंच धरतात.

हीट पंपाला मात्र ५ अंशांचाच फरक मिळतो. पाणी चौपट, ताशी १७२० लिटर; वेग दीडच्या वर. घर्षण चौपटीवर थांबत नाही, ४५ अंशांच्या पाण्याला ते मीटरमागे १२०० पास्कल झालं. जाऊन-येऊन ३० मीटर पाइप, म्हणजे ३६,००० पास्कल, पावणेचार मीटर हेड, म्हणजे तेवढ्या उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब. एल्बो आणि व्हॉल्व्ह वेगळेच.

यात मजल्यांची उंची मिळवू नका. सांगलीत गच्चीवरच्या टाकीचे हिशोब केलेला हात तिकडेच वळतो, माझाही वळला. पण हे बंद वर्तुळ आहे. चढणारं पाणी जेवढं अडवतं, तेवढंच उतरणारं ढकलतं.

मोठ्या पंपाने पाणी आणखी जोरात ढकलून शिट्टी वाढलीच असती. आम्ही मध्ये बफर टाकी टाकली, म्हणजे गरम पाण्याचा मधला साठा; तिच्या दोन्ही बाजूंना पाणी वेगवेगळ्या प्रमाणात फिरू शकतं. हीट पंप ते टाकी ३५×१.५ चा पाइप: वेग ०.६, मीटरला १३० पास्कल. टाकीपुढे जुना पाइप तसाच ठेवून फरक १० अंशांचा केला, ताशी ८६० लिटर. तिथे मीटरमागे अजूनही ३६० पास्कल जातात, पण ते पाणी फिरवणाऱ्या जुन्या पंपाला झेपतात. रेडिएटरचा खालचा भाग थोडा कोमट लागतो, म्हणून दिवाणखान्यातला तेवढा मोठा घेतला.