सियाटला पेपर पाठवताय? आधी कस्टमरची सही घ्या

सियाटला, म्हणजे एआरएआय या पुण्यातल्या वाहन-संशोधन संस्थेच्या तंत्रज्ञान परिषदेला, जायचं म्हणून विचारणारी ज्युनिअर मंडळी हल्ली बरीच भेटतात. डिप्लोमा नाहीतर बीई, वेल्ड शॉप किंवा प्रेस शॉप, भोसरी-चाकण-रांजणगावच्या पट्ट्यातली नोकरी, आणि प्रश्न ठरलेला: नुसतं बघायला जाऊ की पेपर टाकू? पेपर टाका. बघायला जाणारा माणूस स्टॉलवरच्या पिशव्या आणि कॅटलॉग घेऊन परततो. पेपर असलेल्या माणसाला लोक थांबवून बोलतात. पण टाकायच्या आधी हे वाचा, कारण यातला एक खड्डा मला कुणीही दाखवला नव्हता आणि त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही.

एआरएआयची परिषद, जानेवारी महिना, तीन दिवस, २०२४ ची मोशीच्या प्रदर्शन केंद्रात झाली, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. बऱ्याच जणांना माहीत नसतं ते एवढंच, की इथले पेपर एसएई इंटरनॅशनल या वाहन इंजिनिअरांच्या जागतिक संघटनेच्या नंबरानं छापले जातात. ‘२०२४-२६-’ असा सुरू होणारा नंबर दिसला की तो सियाटचा. तो नंबर टाकला की डेट्रॉइटमधला इंजिनिअरही तुमचा पेपर शोधून काढू शकतो. म्हणून ‘आठवड्यात पब्लिश करून देतो, एवढे पैसे भरा’ म्हणणाऱ्या जर्नलवाल्यांच्या नादी लागू नका. इंटरव्ह्यू घेणारा जाणकार असेल तर असली यादी उलट अंगाशी येते.

आता खड्डा.

आमच्याकडे गाडी बनवणाऱ्या कंपनीसाठी, म्हणजे आमच्या कस्टमरसाठी, बॉडीच्या सब-असेंब्लीचं स्पॉट वेल्डिंग चालायचं. पत्रा जस्ताचा थर असलेला. ज्यांनी वेल्ड शॉप पाहिलंय त्यांना ही डोकेदुखी वेगळी सांगायला नको: जस्त टिपच्या (पत्र्याला करंट देणाऱ्या इलेक्ट्रोडच्या) तांब्यात मिसळून तिथे पितळ बनतं, टिपचं तोंड पसरतं, तेवढाच करंट जास्त जागेत वाटला जातो आणि नगेट, म्हणजे पत्रे वितळून जुळलेला ठिपका, बारीक होत जातं. १.२ मिमी पत्र्याला चार गुणिले जाडीचं वर्गमूळ या ठोकताळ्यानं किमान ४.४ मिमीच्या आसपास नगेट हवं. शिफ्टच्या सुरुवातीला ते आरामात मिळतं, टिप ड्रेसिंगची, म्हणजे टिपचं तोंड तासून पुन्हा आकारात आणायची, वेळ जवळ आली की छिन्नी मारून वेल्ड तपासताना हात कचरतो. ड्रेसिंग किती स्पॉटनंतर करायचं आणि मधल्या काळात करंट कसा चढवत न्यायचा, यावर मी ट्रायल घेतल्या होत्या. डेटा चांगला होता. अजूनही म्हणतो, चांगलाच होता.

प्लँट हेडसाहेबांना विचारलं. ‘पाठव की, कंपनीचं नाव होईल,’ म्हणाले. ॲबस्ट्रॅक्ट गेला, स्वीकारला गेला. पूर्ण पेपर लिहिला, रिव्ह्यूअरच्या शेऱ्यांना उत्तरं दिली. मग कॉपीराइटच्या फॉर्मवर सही करायची वेळ आली, आणि तेव्हा कुणीतरी विचारलं, ‘कस्टमरला कळवलंय ना?’

कळवलं. उत्तर आलं: नाही. कारण विचारलं तर तेही नाही. पेपर मागे घ्यावा लागला.

हे सविस्तर सांगतो, कारण इथेच पोरं अडकतात. आपल्याला वाटतं, ट्रायल मी घेतल्या, मशीन आमच्या कंपनीचं, टिप आमची, मग डेटाही आमचा. तसं नसतं. पार्टचं ड्रॉइंग कस्टमरचं. कुठल्या पत्र्यावर कुठला पत्रा बसतो, स्पॉट कुठे आणि किती, हे सगळं कस्टमरचं. करंट आणि फोर्स आपण ठरवला असला तरी पीपॅप (पार्टच्या मंजुरीची कागदपत्रं) देताना कंट्रोल प्लॅनमध्ये तोच आकडा लिहून त्यांची मंजुरी घेतलेली असते, म्हणजे तिथेही त्यांचं बोट आहेच. आणि सप्लाय ॲग्रीमेंटमध्ये गुप्ततेचं कलम असतं. ते ॲग्रीमेंट आपल्यापैकी कुणी पाहिलेलं नसतं, ते परचेसच्या कपाटात असतं.

म्हणून पेपरचं पहिलं वाक्य लिहायच्या आधी एक कागद घ्या आणि तीन रकाने पाडा: कस्टमरचं, कंपनीचं, पुस्तकातलं. पेपरमध्ये येणारा प्रत्येक आकडा, प्रत्येक आकृती, प्रत्येक फोटो यातल्या कुठल्यातरी रकान्यात टाका. पहिला रकाना भरला असेल तर लेखी परवानगी लागणारच. आणि परवानगी म्हणजे त्यांच्या सप्लायर क्वालिटीवाल्या इंजिनिअरचा व्हॉट्सॲपवरचा अंगठा नव्हे. तो माणूस भला असतो, पण सही करायचा अधिकार त्याला नसतो, आणि सहा महिन्यांनी त्याची बदली होते. सही त्यांच्या लीगलकडून किंवा तेवढ्या वरच्या माणसाकडून, ईमेलवर, पेपरच्या मसुद्यासकट. याला वेळ लागतो. परिषद जानेवारीत असली तरी ॲबस्ट्रॅक्ट कितीतरी महिने आधी मागवतात, तेव्हा परवानगीचा अर्ज ॲबस्ट्रॅक्टच्याही आधी गेला पाहिजे.

फोटोंचं वेगळं सांगतो. फिक्स्चरचा फोटो काढताना मागच्या रॅकवर दुसऱ्या मॉडेलचं पॅनेल उभं असतं. पार्टवर पंच केलेला नंबर दिसतो, ट्रॉलीवरच्या टॅगवर कस्टमरचं नाव असतं. ते मॉडेल अजून बाजारात आलेलं नसेल तर पेपर राहिला बाजूला, नोकरीवर येऊ शकतं. मागे पांढरा कागद धरून फोटो काढा. दिसायला वाईट दिसेल, दिसू द्या.

‘मग आकडे झाकले तर?’ असं लगेच विचारतात. ताकदीचा आकडा किलोन्यूटनमध्ये न देता टार्गेटला १ धरायचं आणि बाकी सगळं त्या प्रमाणात दाखवायचं, ही पद्धत रूढ आहे, वाईट नाही. पण दोन्ही अक्षांवरचे आकडे झाकलेत तर रिव्ह्यूअर बरोबरच विचारणार, की या आलेखातून वाचणाऱ्यानं घ्यायचं काय? काहीतरी एक उघडं ठेवावंच लागतं.

त्यापेक्षा सरळ रस्ता आहे आणि मी पुढच्या खेपेला तोच धरला. कस्टमरच्या पार्टला हातच लावायचा नाही. बाजारातून पत्रा विकत घ्या, पट्ट्या कापा, एकावर एक ठेवून वेल्ड करा आणि ओढून तोडा. लॅप शिअर टेस्ट कुठल्याही बऱ्या कॉलेजच्या लॅबमध्ये होते. जाडी, थर, टिपचा व्यास, फोर्स, करंट, सगळं उघडपणे लिहिता येतं. पार्टचं ग्लॅमर जातं खरं, पण रिव्ह्यूअरला पट्टीवरचा स्वच्छ डेटा जास्त आवडतो, आणि सहीसाठी फक्त आपल्याच साहेबांच्या केबिनबाहेर उभं राहावं लागतं. पेपर नाकारला जाईल म्हणून घाबरू नका. शॉप फ्लोअरवरचा खरा प्रश्न आणि प्रामाणिक ट्रायल असेल तर तुम्ही अर्ध्याहून जास्त पुढे आलात. इंग्रजीचं तर अजिबात मनावर घेऊ नका, छोटी वाक्यं लिहा.

मार्गदर्शकांबद्दल बोललं की लोक रागावतात, तरी बोलतो. ज्यांनी ट्रायल पाहिली नाही, ज्यांना नगेट आणि स्पॅटर (बाहेर उडणारा वितळलेला धातू) यांतला फरक फोनवर सांगावा लागतो, त्यांचं नाव पहिलं टाकायचा आग्रह झाला तर शांतपणे पण ठाम राहा. शेवटी आभारात त्यांचं नाव घाला, जाड अक्षरात हवं तर. खरा गुरू मला भेटला तो टिप बदलणारा मेंटेनन्सचा माणूस. आयटीआय केलेला, आवाजावरून सांगायचा की टिप गेली. त्याचं नाव पेपरात सहलेखक म्हणून आहे, आणि ते घालताना वर कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

प्रत्यक्ष परिषदेचं थोडक्यात. डेलिगेट फी कंपनी भरणार की खिशातून जाणार, हे आधीच विचारून ठेवा. एका वेळी अनेक हॉलमध्ये सेशन चालतात, तेव्हा विषय आदल्या रात्री निवडा. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू व्हायच्या आधी सगळी गर्दी डीपीएफ आणि एससीआर या धूर साफ करणाऱ्या यंत्रणांच्या मागे होती, आता ती बॅटरीच्या मागे असते. मॅन्युफॅक्चरिंगच्या हॉलमध्ये खुर्च्या रिकाम्या असतात. माझ्या मते हे नवख्याच्या फायद्याचंच आहे. वीस माणसांत तुमचा प्रश्न ऐकला जातो, आणि चहाच्या वेळी बोलणारा माणूस तुम्हाला ओळखतो. उद्घाटनाची भाषणं हुकली तरी चालतील. स्टॉलवर सेल्सवाल्याकडून कार्ड घेण्यापेक्षा ‘तुमचा ॲप्लिकेशन इंजिनिअर कधी असतो?’ एवढं विचारा आणि त्या वेळी परत जा.

तुमच्या सादरीकरणात कंपनीचा लोगो पहिल्या स्लाइडवर पुरे. एसएईच्या पेपरमध्ये जाहिरातबाजी चालत नाही, रिव्ह्यूमध्येच त्यावर बोट ठेवतात. प्रश्नोत्तरांत कुणी हमखास विचारणार, ‘हे कुठल्या मॉडेलवर केलं?’ विचारणारा साधा वाटतो, पुष्कळदा कस्टमरच्या स्पर्धकाचा असतो. ‘पट्ट्यांवर केलं, पेपरमध्ये सगळं दिलंय’ एवढंच उत्तर घरून पाठ करून जा.

आणि छापून आल्यावर पीडीएफ कॉलेजच्या ग्रुपवर टाकू नका. कॉपीराइटचा फॉर्म तुम्हीच भरून दिलेला असतो. मागेल त्याला पेपर नंबर द्या.