लीलला पोहोचावे कसे आणि शहरात फिरावे कसे

फ्रान्सच्या उत्तर टोकाला, बेल्जियमच्या सीमेला जवळजवळ खेटून असलेल्या लील या शहरात शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा नातेवाइकांकडे जाणाऱ्या मराठी प्रवाशाला पहिला प्रश्न पडतो तो पॅरिसचा. विमान पॅरिसला उतरते, म्हणून आधी पॅरिस शहरात जायचे आणि तिथून पुढची गाडी पकडायची, असे बहुतेकांनी गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात त्याची गरज नाही. शार्ल द गोल विमानतळाच्या टर्मिनल दोनखालीच टीजीव्ही या अतिवेगवान गाड्यांचे स्थानक आहे आणि तिथून सुटणारी थेट गाडी तासाभराच्या आत लीलला पोहोचवते. मोठ्या बॅगा घेऊन प्रथमच जाणाऱ्याने शक्यतो हाच मार्ग धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

या मार्गाची एकच अडचण आहे. अशा थेट गाड्या दिवसाला मोजक्याच असतात, आणि दोन गाड्यांमध्ये कधीकधी बराच वेळ जातो. पासपोर्ट तपासणीची रांग, सामान येण्यास लागणारा वेळ आणि विमानाला होऊ शकणारा उशीर हे सगळे धरून विमान उतरण्याची वेळ आणि गाडीची वेळ यांत किमान अडीच-तीन तासांचे अंतर ठेवावे. स्वस्त तिकिटे बहुधा ठरावीक गाडीपुरतीच चालतात, त्यामुळे घाईघाईने जवळची गाडी निवडून वाचवलेले पैसे पुढे दुप्पट मोजावे लागण्याची शक्यता असते. काही विमान कंपन्या विमान आणि रेल्वे यांचे एकत्रित तिकीट देतात. त्यात लील युरोप हे स्थानक ‘एक्सडीबी’ अशा विमानतळासारख्या संकेताक्षरांनी दिसते. असे तिकीट थोडे महाग पडले तरी विमानाला उशीर झाल्यास पुढच्या गाडीत जागा देण्याची जबाबदारी कंपनीकडे राहते, म्हणून पहिल्या प्रवासासाठी त्याचा विचार अवश्य करावा. विमान टर्मिनल एक किंवा तीनवर उतरले असल्यास टर्मिनलांना जोडणाऱ्या चालकविरहित छोट्या मोफत गाडीने टर्मिनल दोनला यावे.

सोयीच्या वेळेची थेट गाडी नसेल, तर मात्र पॅरिसमार्गे जावे लागते. विमानतळावरून ‘आरईआर बी’ ही उपनगरी गाडी थेट गार द्यु नॉर, म्हणजे पॅरिसच्या उत्तर स्थानकात आणते. विमानतळाचे तिकीट शहरातल्या साध्या तिकिटापेक्षा बरेच महाग असते, हे लक्षात ठेवावे. गार द्यु नॉरहून लीलसाठी दिवसभरात टीजीव्ही गाड्या भरपूर आहेत आणि सुमारे सव्वादोनशे किलोमीटरचे हे अंतर त्या साधारण तासाभरात कापतात. गर्दीत सामानाकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते, ते याच टप्प्यावर.

टीजीव्हीत चढण्याच्या काही रीती आपल्याकडच्यापेक्षा वेगळ्या आहेत. गाडी कोणत्या फलाटावर लागणार हे बहुधा सुटण्यापूर्वी वीसेक मिनिटेच फलकावर झळकते, त्यामुळे तोवर फलकासमोर माना वर करून उभी असलेली माणसे पाहून गोंधळून जाऊ नये. दारे सुटण्याच्या वेळेच्या दोन मिनिटे आधी बंद होतात आणि त्यानंतर ती कोणासाठीही उघडत नाहीत. पुष्कळदा दोन गाड्या एकमेकींना जोडून धावतात आणि एकीतून दुसरीत आतून जाता येत नाही, म्हणून डब्याचा क्रमांक बाहेरच पाहून चढावे. नेहमीच्या टीजीव्हीत दोन मोठ्या बॅगा आणि एक हातातली पिशवी इतके सामान चालते, आणि प्रत्येक नगावर नाव लिहिलेले असणे बंधनकारक आहे. ‘विगो’ या स्वस्त गाड्यांत सामानाचे नियम याहून कडक असून मोठ्या बॅगेचे वेगळे पैसे भरावे लागतात.

आता सर्वांत महत्त्वाचे: लीलमध्ये मुख्य स्थानके दोन आहेत, आणि तिकिटावरचे नाव नीट न वाचणाऱ्याची गाडी हमखास चुकते ती यामुळेच. लील फ्लांद्र हे जुने स्थानक. त्याचा दर्शनी भाग मुळात पॅरिसच्या पहिल्या उत्तर स्थानकाचा होता. ते पाडल्यावर १८६० च्या दशकात त्याचे दगड इथे आणून पुन्हा रचण्यात आले. इथे रूळ संपतात. पॅरिसहून येणाऱ्या बऱ्याच टीजीव्ही आणि आसपासच्या गावांना जाणाऱ्या ‘टीईआर’ या प्रादेशिक गाड्या इथून सुटतात. लील युरोप हे १९९३ साली अतिवेगवान मार्गाबरोबर उभे राहिलेले नवे स्थानक आहे. विमानतळाकडून येणाऱ्या, फ्रान्सच्या इतर भागांतून येणाऱ्या आणि लंडन-ब्रसेल्सच्या युरोस्टार गाड्या इथे थांबतात. हा मार्ग आमियाँ शहरावरून न जाता लीलवरून गेला, त्याचे बरेचसे श्रेय १९७३ ते २००१ या काळात लीलचे महापौर आणि मध्यंतरी देशाचे पंतप्रधान राहिलेल्या प्येर मोरुआ यांना दिले जाते. दोन स्थानकांमधले अंतर पायी सात-आठ मिनिटांचे आहे. मेट्रोने किंवा ट्रामने ते एका थांब्याचे आहे. त्यासाठी टॅक्सी करणे हा निव्वळ अपव्यय होय. लांब पल्ल्याच्या बसही लील युरोपलगतच्या रस्त्यावरच थांबतात.

शहरात फिरण्यासाठी मेट्रो, ट्राम आणि बस या तिन्ही सेवा ‘इलेव्हिया’ या एकाच नावाखाली चालतात आणि एकच तिकीट तिन्हींना चालते. एका फेरीचे तिकीट तासभर वैध असते व त्या तासात गाडी बदलता येते, मात्र प्रत्येक वेळी चढताना ते यंत्राला पुन्हा लावावे लागते. तिकीट खिशात असूनही यंत्राला न लावल्यास दंड होतो, आणि तपासनीस ‘आम्ही नवीन आहोत’ ही सबब ऐकून घेत नाहीत. दोन-तीन दिवस राहणाऱ्याने दिवसभराचे तिकीट घ्यावे. काही महिने राहणाऱ्या विद्यार्थ्याने मात्र पहिल्याच आठवड्यात ‘पास पास’ हे कार्ड करून घेऊन त्यावर मासिक पास भरावा. सव्वीस वर्षांखालील व्यक्तींना सवलतीचे दर आहेत. अठरा वर्षांखालील मुलांना २०२३ पासून प्रवास मोफत आहे, पण केवळ तिथल्या रहिवाशांच्या मुलांना, पाहुण्यांच्या नव्हे.

लीलची मेट्रो ही स्वतःच पाहण्यासारखी गोष्ट आहे. १९८३ साली सुरू झालेली ही मेट्रो जगातल्या पहिल्या पूर्णपणे चालकविरहित मेट्रोंपैकी एक. लील विद्यापीठातले प्राध्यापक रोबेर गाबियार यांच्या संशोधनातून ही ‘व्हाल’ प्रणाली जन्मली, आणि विद्यापीठ परिसरातल्या सिते सियांतिफिक या स्थानकाला आज त्यांचेही नाव जोडलेले आहे. विमानतळावर टर्मिनल बदलताना जी छोटी गाडी लागते, ती याच प्रणालीची. रबरी चाकांचे हे डबे जेमतेम दोन मीटर रुंद आहेत. चालकच नसल्यामुळे सर्वांत पुढच्या काचेजवळची जागा मोकळी असते, आणि ती मिळवण्यासाठी लहान मुलांइतकीच मोठी माणसेही टपलेली असतात. गर्दीच्या वेळी मिनिट-दोन मिनिटांना गाडी येते, त्यामुळे दारे बंद होत असताना धावत जाऊन शिरण्याची मुंबईकर सवय इथे सोडून द्यावी. दोन मोठ्या बॅगा असतील, तर सकाळी आठ-नऊच्या सुमारास या अरुंद डब्यांत न शिरणेच शहाणपणाचे. सेवा पहाटे साडेपाचच्या सुमारास सुरू होऊन मध्यरात्रीपर्यंत चालते. रविवारी ती थोडी उशिरा सुरू होते.

मार्ग दोनच आहेत. पहिला पिवळा, दक्षिणेकडच्या मोठ्या रुग्णालय संकुलापासून विलनव्ह दास्कमधल्या विद्यापीठ परिसरापर्यंत आणि त्यापुढे कात्र कांताँ या शेवटच्या स्थानकापर्यंत. फुटबॉलच्या मोठ्या मैदानाला जाणाऱ्यांनी तिथेच उतरावे. दुसरा लाल, लोमपासून लील युरोपमार्गे रुबे आणि तुर्क्वां या जुन्या कापडगिरण्यांच्या शहरांपर्यंत. दोन्ही मार्ग लील फ्लांद्र आणि पोर्त दे पोस्त या दोनच ठिकाणी एकमेकांना मिळतात. मुख्य चौक आणि जुने शहर पाहण्यासाठी रिऊरला, कलासंग्रहालयासाठी रेप्युब्लिकला, आणि मंगळवार, गुरुवार व रविवारी भरणाऱ्या वाझेमच्या बाजारासाठी गांबेता स्थानकावर उतरावे. कोथिंबीर, हिरव्या मिरच्या आणि मसाले यांच्या शोधात असलेल्या माणसाने रविवारची सकाळ याच बाजारात घालवावी. जुन्या शहराच्या गल्ल्यांत मेट्रो जात नाही आणि तिथे पायी चालण्यातच खरी मजा आहे.

ट्रामला तिथले लोक अजूनही ‘माँजी’ म्हणतात. १९०९ मध्ये सुरू झालेल्या या मार्गामागच्या आल्फ्रेद माँजी या अभियंत्याचे ते नाव. लील फ्लांद्रखालून निघून ती झाडांनी वेढलेल्या रुंद रस्त्याने जाते आणि क्रुआझे-लारोशला तिचे दोन फाटे होतात, एक रुबेकडे आणि दुसरा तुर्क्वांकडे. चढण्यापूर्वी पाटी पाहावी. मेट्रोपेक्षा ती संथ आहे, पण घाई नसेल तर रुबेला जाताना ट्रामने जावे आणि येताना मेट्रोने यावे. पोहण्याच्या जुन्या तलावाच्या इमारतीत थाटलेले ला पिसीन हे संग्रहालय पाहायचे असल्यास मात्र लाल मेट्रोचे रुबेमधले गार जाँ लेबा स्थानक अधिक जवळ पडते. बसच्या बाबतीत एवढेच सांगायचे, की थांब्यावर उभे असताना चालकाला हात दाखवावा, नाहीतर बस न थांबता निघून जाऊ शकते.

लीलहून पुढे जाताना भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी एक फरक पक्का लक्षात ठेवावा. ब्रसेल्स युरोस्टारने पाऊण तासाच्या आत आहे आणि शेंगेन व्हिसावर तिथे जाता येते. तुर्ने आणि कोर्त्राइक ही बेल्जियन गावे तर लील फ्लांद्रहून साध्या गाडीने गाठता येतात. लंडनही दीड तासाच्या आसपासच आहे, पण त्यासाठी ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागतो, तपासणी लील युरोपमध्येच होत असल्याने किमान तासभर आधी पोहोचावे लागते, आणि परत येण्यासाठी शेंगेन व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा असावा लागतो.

राहता राहिला संप. ‘ग्रेव्ह’ हा शब्द फलकावर दिसला की घाबरण्याचे कारण नाही. २००७ च्या कायद्यानुसार कर्मचाऱ्यांना संपात सहभागी होण्याची पूर्वसूचना द्यावी लागते, त्यामुळे कोणत्या गाड्या धावणार हे बहुधा आदल्या संध्याकाळपर्यंत जाहीर होते. त्या वेळी रेल्वेच्या आणि इलेव्हियाच्या अ‍ॅपवर एकदा नजर टाकावी. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी ब्रादरी हा जुन्या वस्तूंचा प्रचंड बाजार भरतो. तेव्हा मध्यवर्ती रस्ते वाहनांना बंद असतात आणि बसचे मार्ग बदलतात, म्हणून त्या दिवसांत सामान घेऊन येणाऱ्याने मेट्रोच्या स्थानकाजवळचेच हॉटेल निवडावे आणि खोली काही महिने आधी राखून ठेवावी.